तिबेटी लोक स्वेटरच का विकतात?

नोव्हेंबर लागला की पुण्या-नागपुरात तिबेटी स्वेटरवाल्यांची दुकानं ओळीने उभी राहतात. हिमालयातली माणसं म्हटल्यावर लोकरीचाच धंदा करणार, असं आपण गृहीत धरतो. पण यातला बहुतेक माल लुधियानाच्या कारखान्यांतून येतो. मग हा धंदा यांच्याकडे आला कसा? मला याचं उत्तर हिमालयात नाही, कर्नाटकातल्या मक्याच्या शेतात सापडलं.

मार्च १९५९मध्ये ल्हासातला उठाव चीनने चिरडला. दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागोमाग हजारो लोक. आसामात मिसामारीला आणि बंगालमध्ये बक्साला छावण्या उघडल्या. थंड पठारावरच्या माणसांना तिथला उकाडा सोसेना, आजार पसरले. मग अनेकांना हिमाचल आणि सिक्कीममध्ये रस्त्यांच्या कामावर पाठवलं. दिवसभर खडी फोडायची, रात्री तंबूत झोपायचं. दरडी कोसळून माणसं गेली, क्षयाने गेली. रस्ता पुढे सरकला की बिऱ्हाडही पुढे. अशात मुलं शिकणार कुठे आणि भाषा टिकणार कशी?

म्हणून दलाई लामांना एकत्र राहता येईल अशा कायमच्या वसाहती हव्या होत्या. नेहरूंनी राज्यांकडे जमीन मागितली. तेव्हाच्या म्हैसूर राज्याने बैलकुप्पेला सुमारे ३,००० एकर जंगल दिलं आणि १९६०मध्ये पहिली वसाहत सुरू झाली. १९६६मध्ये मुंडगोड झालं. १९७२मध्ये आपल्याकडे गोठणगावला, तेव्हाच्या भंडारा आणि आताच्या गोंदिया जिल्ह्यात, नोर्ग्येलिंग वसाहत उभी राहिली.

याक चारणाऱ्या आणि सातू पेरणाऱ्या लोकांनी जंगल तोडून मका लावला. हत्ती येऊन पीक तुडवून जायचे. शेती पावसावरची, म्हणजे वर्षाला एकच पीक. कुटुंबं वाढली, जमीन तेवढीच राहिली. कापणी झाली की पुढच्या पावसाळ्यापर्यंत हाताला काम नाही.

नेमके तेच महिने थंडीचे. सुरुवातीला बायका हाताने विणलेले स्वेटर शहरात नेऊन विकायच्या. पुढे लुधियानाचा यंत्रावरचा माल आला. भांडवलाचं काय? जमीन भाडेपट्ट्याची, त्यामुळे तारण ठेवायला काही नव्हतं. लुधियानाच्या व्यापाऱ्यांनी माल उधारीवर दिला आणि हिशेब हंगाम संपल्यावर. उधारी फिटत गेली, तसा धंदा वाढला. सरकारी योजनेने त्यांचं अर्धं वर्ष सोडवलं होतं, उरलेलं अर्धं त्यांनी स्वतः सोडवलं.

कागदावर मात्र गोष्ट अडकलेली आहे. बहुतेकांकडे पासपोर्ट नाही, मुदत संपली की नवं करून घ्यायचं नोंदणी प्रमाणपत्र आहे. १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेला तिबेटी जन्मानेच भारतीय ठरतो, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१०मध्ये स्पष्ट केलं. तरी अनेकजण नागरिकत्व मागत नाहीत. ते घेतलं तर तिबेटवरचा दावा आपणच सोडला असं होईल, असं त्यांना वाटतं. काहींना मात्र नोकरी, कर्ज आणि प्रवासासाठी ते हवं आहे. एकाच घरात ही दोन्ही मतं असू शकतात आणि मला दोन्ही पटतात.

२००९च्या तिबेटी जनगणनेत भारतात ९४,२०३ तिबेटी मोजले गेले. त्यानंतर तरुण मुलं मोठ्या संख्येने अमेरिका, कॅनडा आणि युरोपकडे निघाली आहेत. मागे राहिलेले अजून दर हिवाळ्यात दुकान लावतात. सरकारदरबारी ते आजही परदेशी आहेत. लुधियानाचा व्यापारी मात्र त्यांच्या शब्दावर हंगामभराचा माल देतो.