मागाच्या काळ्या थराखाली

यंत्रमागावरचे सुताचे बीम संपले की तो माग काही तास गप्प बसतो. नवे बीम चढवायचे, त्याचे धागे वही आणि फणीतून आलेल्या जुन्या टोकांना जोडायचे आणि तेवढ्या वेळात माग झाडूनपुसून घ्यायचा, अशी पद्धत आहे. भिवंडीतल्या एका कारखान्यात अशी सफाई पाहण्याचा योग मला आला. कारखाना म्हणजे पत्र्याच्या छपराखालची लांबट खोली, तीत बारा माग. एक बंद होता, बाकीचे अकरा चालू. बोलणे अशक्यच. कामगार एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलत होते. शंभर वर्षांपूर्वी लँकेशायरच्या विणकर बायका ओठांच्या हालचालींवरून एकमेकींचे बोलणे ओळखत, तेही याच यंत्राच्या आवाजामुळे.

मिस्त्रीचाचांनी आधी ब्रशने वरचे पांढरे तूस काढले. त्याखाली पिवळट भुकटी होती. ताणा मजबूत व्हावा म्हणून सुताला खळ देतात, तिचा हा चुरा. त्याखाली खरा शत्रू: तेल, तूस आणि खळ यांचा मिळून झालेला काळा, चिवट थर, काही ठिकाणी बोटभर जाड. तो ब्रशने निघत नाही. रॉकेलमध्ये भिजवलेली चिंधी काही वेळ दाबून ठेवायची आणि मग हॅक्सॉच्या जुन्या पात्याने खरवडायचा. एक पथ्य मात्र पाळायचे. धोटा ज्या लाकडी पट्टीवरून धावतो तिला पाते लावायचे नाही. तिथे ओरखडा पडला तर धोटा उडतो, आणि उडालेल्या धोट्याने डोळा जाऊ शकतो.

बाजूच्या बिडाच्या चौकटीवरचा थर निघाला, रंगाचे दोन पापुद्रे गेले आणि उठावाची रोमन अक्षरे दिसू लागली. हेन्री लिव्हसी, ब्लॅकबर्न. चाचांना त्यात काही नवल वाटले नाही. ‘मास्टरजी, अशी नावे पुष्कळ मागांवर आहेत, कुणी वाचत नाही,’ असे म्हणून ते पुढच्या कामाला लागले. मी मात्र तिथेच थांबलो. ब्लॅकबर्न हे इंग्लंडमधल्या लँकेशायरचे गाव. तिथला माग भिवंडीत आला कसा, हा एक प्रश्न. दुसरा प्रश्न मला थोड्या वेळाने पडला आणि तो अधिक महत्त्वाचा ठरला: या मागाला पूर्वी जे येत होते, ते सगळे आज येते का?

पाठ्यपुस्तकांत मागाचा इतिहास दोन ओळींत उरकतो. १७३३ मध्ये जॉन के याने धावता धोटा काढला, १७८५ मध्ये एडमंड कार्टराइट या धर्मोपदेशकाने यंत्रमागाचे पेटंट घेतले आणि औद्योगिक क्रांती झाली! प्रत्यक्षात कार्टराइटचा माग अगदी बेंगरूळ होता. शक्ती लावून माग हलवणे फारसे अवघड नव्हते; अवघड होते ते त्याला थांबवणे. हातमागावरचा विणकर आपल्या डोळ्यांनी पाहतो की बाण्याचा धागा तुटला, आणि हात आवरतो. यंत्राला डोळे नाहीत. कांडी रिकामी झाली तरी धोटा येत-जात राहणार, ताणा पुढे सरकत राहणार आणि कापडाच्या जागी नुसते उभे धागे गुंडाळले जाणार. म्हणून प्रत्येक यंत्रमागाशेजारी सतत पाहणारे माणूस लागे, आणि मग यंत्राचा फायदा तो काय?

या अडचणीवर अनेकांनी डोके चालवले. ब्लॅकबर्नच्याच विल्यम केनवर्दी आणि जेम्स बुलो यांनी १८४२ च्या सुमारास मागात ज्या सुधारणा केल्या, त्यांनी हा प्रश्न व्यवहारात सोडवला. ‘लँकेशायर माग’ म्हणतात तो इथून सुरू होतो. त्यातली मला सर्वांत आवडणारी वस्तू म्हणजे बाण्याचा काटा.

मागाच्या एका कडेला, फणीच्या शेवटी, तारांची छोटी उभी जाळी असते. तिच्यासमोर तीन दातांचा एक हलका काटा तराजूच्या दांडीसारखा मधोमध टेकवलेला असतो. त्याच्या शेपटाला आकडा असतो आणि आकड्याखाली एक लोखंडी हातोडी मागेपुढे होत असते. फणी पुढे येते तेव्हा जाळीसमोर बाण्याचा धागा असेल, तर तो धागा काट्याच्या दातांना ढकलतो, काटा कलतो, शेपूट वर उचलले जाते आणि हातोडी खालून मोकळी निघून जाते. धागा नसेल तर दात जाळीतून आरपार जातात. काटा कलत नाही, आकडा खालीच राहतो, हातोडी त्यात अडकते आणि काट्याची सगळी बैठक ओढते. त्या ओढीने चालू-बंद करण्याचा दांडा खाचेतून सुटतो आणि माग थांबतो.

वीज नाही, चुंबक नाही. कापसाचा एक धागा ‘मी आहे’ किंवा ‘मी नाही’ एवढेच सांगतो आणि मणामणांचे यंत्र त्याचे ऐकते. पुठ्ठा, तार आणि दोरा घेऊन याची प्रतिकृती तासाभरात करता येते. नववीच्या वर्गात मी ती केली आहे. तरफेचा धडा वेगळा शिकवावा लागला नाही.

आता पहिला प्रश्न. मुंबईत कावसजी दावर यांची गिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि १८५६ मध्ये सुरू झाली. पुढे गिरण्या वाढल्या आणि त्यांची यंत्रे बहुतांशी लँकेशायरहून जहाजाने येऊ लागली. एका विणकराकडे दोन माग हा मुंबईचा जुना रिवाज. १९२८ च्या मोठ्या संपात एक वादाचा मुद्दा होता तो विणकराला तीन माग देण्याचा. भिवंडी तेव्हा हातमागांचे गाव होते. १८५७ नंतर उत्तर भारतातून आलेले मोमीन विणकर इथे स्थिरावले होते. तेलंगणातले पद्मशाली आले. त्यांची वस्ती आजही पद्मानगर म्हणून ओळखली जाते. महाराष्ट्रात छोट्या गावात यंत्रमाग आणण्याचा मान इचलकरंजीचा. तिथे विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला. भिवंडीत यंत्रमाग रुजले ते १९३० च्या दशकात.

नवा माग घेण्याची ऐपत हातमागवाल्याकडे कोठून असणार? गिरण्यांनी काढून टाकलेले माग त्याने घेतले, पुष्कळदा भंगाराच्या भावाने, वजनावर. स्वातंत्र्यानंतर सरकारी धोरणाने या व्यवहाराला आणखी हात दिला. १९५६ मध्ये गिरण्यांच्या मागांची संख्या गोठवण्यात आली. दुसरीकडे चार मागांपर्यंतच्या छोट्या कारखान्यांना अबकारी करात सवलत होती. परिणाम काय झाला असेल याचा अंदाज वाचकांना येईलच: एका छपराखाली बारा माग आणि कागदावर तीन मालक! १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा बंद गिरण्यांचे कापड भिवंडीत विणले जाऊ लागले. संप मोडायला ज्या मागांनी मदत केली, त्यांतले काही त्याच गिरण्यांतून आलेले होते. गिरणगावात कुणाला हे सांगितले तर ते हसून घेतील असे मला वाटत नाही.

आमच्या मागाच्या अंगावर या प्रवासाची खूण शाबूत आहे. मुख्य दांड्याच्या टोकाला दोन पुल्या शेजारीशेजारी आहेत, एक दांड्याला घट्ट बसवलेली आणि एक मोकळी फिरणारी. आज मागाला स्वतंत्र विजेची मोटर आहे, तिला मोकळ्या पुलीची गरज नाही. पण गिरणीत छताखालून एक लांब दांडा फिरत असे आणि त्यावरून प्रत्येक मागावर चामड्याचा पट्टा येई. माग थांबवायचा म्हणजे पट्टा घट्ट पुलीवरून मोकळ्या पुलीवर सरकवायचा. कामाविना उरलेली ती पुली आजही मागाबरोबर फिरते आहे.

चाचांनी मग खालचा दांडा साफ केला. वरच्या दांड्याच्या दोन फेऱ्यांत तो एकदा फिरतो. साध्या विणीत धोटा एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून फेकायचा असतो, म्हणून हे प्रमाण. दातेरी चाकांचे गुणोत्तर शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. धोट्याचे गणितही करून पाहावे. मिनिटाला १५० फेऱ्या धरल्या तर एका फेरीला ०.४ सेकंद मिळतात. त्यातला साधारण एक तृतीयांश वेळच धोट्याला ताण्यातून जाण्यास मोकळा असतो. एवढ्यात दीड मीटर गाठायचे तर वेग सेकंदाला सुमारे ११ मीटर, म्हणजे ताशी ४० किलोमीटर. धोट्याचे वजन ४०० ग्रॅम धरले तर गतिज ऊर्जा २४ ज्यूल होते. अडीच किलोचे वजन मीटरभर उंचीवरून आदळावे तसा हा धक्का, आणि तो दर ०.४ सेकंदाला पचवायचा! म्हणून धोट्याला फटका मारणारा पिकर म्हशीच्या कच्च्या चामड्याचा करीत, आणि म्हणूनच चौकट बिडाची. बिडातले ग्राफाइटचे बारीक पापुद्रे कंपने शोषून घेतात. पोलाद तितके शोषत नाही.

पण बीड ठिसूळ असते. उजव्या चौकटीला एक जुनी भेग आणि तिच्यावर पितळी डाग होता. धोटा मध्येच अडकला तर फणी त्याच्यावर आदळून शेकडो धागे तुटतील. ते टाळण्यासाठी एक लोखंडी जीभ चौकटीवर आपटून मागाला जागच्या जागी थांबवते. कित्येक वर्षे असे धक्के खाल्ले की चौकट तडकणारच. चाचा म्हणाले, बिडाला सरळ वेल्डिंग केले तर शेजारी दुसरी भेग पडते. आधी चांगले तापवायचे, पितळेने जोडायचे आणि राखेत हळूहळू गार होऊ द्यायचे. असमान प्रसरणाचा हा धडा त्यांना कुणी पुस्तकातून दिलेला नव्हता.

शेवटी ते काट्यापाशी आले आणि मला दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. काटा जागेवर होता, पण वर उचलून तारेने बांधून टाकलेला. शेपूट कायमचे वर, म्हणजे हातोडी कधीच अडकणार नाही. धागा असो नसो, माग चालत राहणार. शेजारच्या मागांवरही तेच. मी कारण विचारले. जाळीच्या तारा वाकल्या की काटा नसता थांबतो, त्याची जुळवणी करायला वेळ जातो, मजुरी मीटरवर आणि एका माणसाकडे आठ माग, असे उत्तर आले. मुंबईत दोन मागांना दोन डोळे होते. इथे आठ मागांना तेवढेच डोळे आहेत आणि यंत्राचा स्वतःचा डोळा बांधलेला! मग कापडात आडव्या विरळ पट्ट्या येतात आणि व्यापारी भाव पाडतो.

यंत्रांचा इतिहास आपण चढत्या जिन्यासारखा शिकवतो. १८४२ नंतर १८९४-९५ मध्ये अमेरिकेत नॉर्थ्रॉपचा माग आला, तो रिकामी कांडी आपोआप बदले. १९२४ मध्ये जपानच्या साकिची तोयोदांनी न थांबता धोटाच बदलणारा माग तयार केला. १९२९ मध्ये त्याचे हक्क लँकेशायरच्याच प्लॅट ब्रदर्सने विकत घेतले. मग बिनधोट्याचे माग आले. हा जिना खरा आहे, पण भिवंडीतला माग त्यावरून दोन पायऱ्या खाली उतरला. १ एप्रिल २०१७ रोजी केंद्र सरकारची ‘पॉवरटेक्स इंडिया’ योजना भिवंडीतच जाहीर झाली. साध्या मागांना जागेवरच जोड बसवण्यासाठी तीत अनुदान होते. जोड कोणते? ताणा तुटल्यास थांबवणारा, बीम बेताने सोडणारा, चांगला ब्रेक आणि बाणा तुटल्यास थांबवणारा. शेवटचा जोड पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा. योजना चुकीची नव्हती. पण तारेने बांधलेला काटा आधी सोडून पाहा, असे सांगणारे मिस्त्री किती उरले आहेत?

तेही कमी होत आहेत आणि मागही. भिवंडीत कित्येक कारखाने बंद पडून तिथे गोदामे झाली. रेपिअर माग आले आणि जुने पुन्हा वजनावर विकले जात आहेत, या वेळी मात्र थेट भट्टीसाठी. इंग्लंडमध्ये बर्नलीजवळ क्वीन स्ट्रीट मिल ही १८९४ ची विणगिरणी सुमारे तीनशे लँकेशायर मागांसह संग्रहालय म्हणून राखली आहे. २०१६ मध्ये पैशाअभावी तिलाही टाळे लागले होते, पुढे ती पुन्हा उघडली. आपण निदान एवढे करू शकतो: भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर इथल्या शाळांनी विद्यार्थ्यांना घेऊन मागांवरची ओतीव नावे उतरवून घ्यावीत, दोन पुल्यांचे आणि काट्याचे चित्र काढावे. मालक हरकत घेत नाहीत, असा माझा अनुभव आहे. नाकाला रुमाल मात्र हवा, कारण कापसाच्या धुळीने फुप्फुसांचा विकार होतो.

त्या दिवशी चाचांनी माझ्या आग्रहास्तव तार सोडली, काटा रॉकेलने धुतला, टेकूवर थेंबभर तेल दिले. नवे बीम चढले, माग सुरू झाला. त्यांनी मुद्दाम कात्रीने बाणा कापला. धोटा एकदा गेला, आला, आणि दांडा खाडकन सुटला. चाचा हसले. महिनाभराने गेलो तेव्हा काटा पुन्हा बांधलेला होता. जाळीच्या दोन तारा वाकल्या होत्या आणि तशी जाळी नवी मिळत नाही. भंगारवाल्याकडे सांगून ठेवले आहे, मिळाली की सोडतो, असे ते म्हणाले.