करावे गावातले दोन कोबी

एखाद्या गावाचा इतिहास लिहायचा म्हटला की आपण सातबाऱ्याकडे, जनगणनेच्या तक्त्यांकडे आणि जुन्या वर्तमानपत्रांकडे वळतो. चुलीकडे सहसा वळत नाही, कारण रोजचा स्वयंपाक मागे कागद ठेवत नाही. तरीही काही प्रश्नांची उत्तरे चुलीपाशीच सापडतात. नवी मुंबईतील करावे या खाडीकाठच्या गावात कोबीची भाजी हे घरचे, साधे, जिवाला बरे वाटणारे जेवण कसे झाले, हा असाच एक प्रश्न आहे.

कोबी मूळचा आपला नव्हे. रोमन लेखक केटो याने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात लिहिलेल्या शेतीविषयक ग्रंथात त्याला सर्व भाज्यांच्या वरचे स्थान दिले होते. पुढे उत्तर युरोपात तो गरिबाच्या हिवाळ्याचा आधार ठरला. आपल्याकडे तो पोर्तुगीजांबरोबर आला असे मानले जाते आणि 'कोबी' या शब्दाचा संबंधही सामान्यतः पोर्तुगीज भाषेशीच जोडला जातो. वसई 1534 पासून 1739 पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. करावे गावाजवळचा बेलापूरचा किल्लाही पोर्तुगीज, सिद्दी आणि मराठे यांच्या हातांतून फिरला. म्हणजे हा शब्द खाडीच्या आसपास बराच काळ वावरत असला पाहिजे. पण शब्द कानावर पडणे आणि भाजी चुलीवर चढणे या दोन वेगळ्या घटना आहेत.

कोबीला थंड हवा आणि गोड्या पाण्याची जमीन लागते. खाडीकाठची खारी जमीन त्याला मानवत नाही. या पट्ट्यातील आगरी समाजाचे नावच आगराशी, म्हणजे मिठागराशी, जोडलेले आहे. भात, मीठ आणि मासळी या तीन गोष्टींवर इथले जेवण उभे होते. पावसाळ्यात परसातल्या मांडवावर शिराळी आणि पडवळ, आणि खाडीत उतरता येत नसे तेव्हासाठी उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली सुकट. तांदळाची भाकर आणि त्याबरोबर सुकट हे या घरांचे हक्काचे जेवण. त्यात कोबीची उणीव कोणाला भासण्याचे कारण नव्हते.

1970 साली दोन गोष्टी घडल्या, ज्यांचा एकमेकींशी संबंध कोणी लावलेला दिसत नाही. 17 मार्चला सिडको स्थापन झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यांतील 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादन होऊ लागल्या. त्याच वर्षी कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' प्रसिद्ध झाले. वाटी-चमच्याच्या मापाने स्वयंपाक शिकवणारे हे पुस्तक सासू किंवा आई शेजारी नसलेल्या गृहिणीच्या फार उपयोगी पडले. पुढे नव्या शहरातल्या वसाहतींत राहायला आलेली कुटुंबे बहुधा अशीच होती : छोटी, गावापासून दूर, पगारावर चालणारी. एका निर्णयाने करावे गावाच्या भोवतालची शेती गेली. दुसऱ्या घटनेने नव्या शेजाऱ्यांच्या स्वयंपाकाला लिखित भाषा मिळाली.

जमिनीचा प्रश्न सुखासुखी मिटला नाही. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जानेवारी 1984 मध्ये उरण परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य झाले. पण भूखंडावर भात पिकत नाही. 1996 मध्ये मुंबईतील भायखळ्याचा घाऊक भाजीबाजार वाशीजवळच्या तुर्भे येथे हलला आणि नाशिक-पुण्याकडून निघालेले कोबीचे ट्रक करावे गावापासून थोड्याच अंतरावर रिकामे होऊ लागले. जे गाव धान्य पिकवत होते, ते आता पिशवी घेऊन बाजारात उभे राहिले. अशा घराला कोबी सोयीचा. एक गड्डा स्वस्तात येतो, तीन-चार दिवस बाहेर टिकतो, टाकून फारसे काही द्यावे लागत नाही आणि चिरला की परातभर होतो.

मग गावठाणात आणि वसाहतीत असे दोन कोबी शिजू लागले. वसाहतीतला कोबी मोहरी-हिंगाच्या फोडणीवर, भिजवलेल्या हरभऱ्याच्या डाळीसह, वरून ओले खोबरे पेरून, सोबत वरणभात. गावठाणातला कोबी कांदा-लसणावर परतलेल्या सुकटीत, हळद आणि घरचा मसाला घालून, स्वतःच्याच पाण्यात शिजलेला; सोबत तांदळाची भाकर. कोबी फार शिजला की त्यातली गंधकयुक्त द्रव्ये उग्र वास सोडतात. दोन्ही घरांनी हा परका वास आपापल्या ओळखीच्या उग्र वासात बुडवला : एकाने हिंगाच्या, दुसऱ्याने सुकटीच्या. हिंग आणि लसूण यांचा दर्पही गंधकाच्याच संयुगांचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या घरगुती शहाणपणाचे कौतुक वाटते.

घरगुतीपणा वस्तूच्या मुळात नसतो, तो तिला लावलेल्या व्याकरणात असतो, एवढे यावरून निश्चित म्हणता येईल. भाषा परका शब्द स्वीकारते तेव्हा त्याला आपले प्रत्यय लावते. कोबीचे सामान्यरूप आपण विचार न करता करतो. फोडणी आणि सुकट हे स्वयंपाकाचे प्रत्ययच आहेत.

मात्र या उपमेवर समाधान मानून थांबणे सोयीचे असले तरी प्रामाणिक नव्हे. या दोन प्रत्ययांपैकी एकाची नोंद छापील पुस्तकात वारंवार झाली. दुसऱ्याची बराच काळ फक्त सांगण्या-ऐकण्यात राहिली. लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या 'गृहिणीमित्र'पासून 'रुचिरा'पर्यंत मराठी पाकपुस्तकांची परंपरा मोठी आहे, पण तिचा वाचक गृहीत धरताना आगरी चूल क्वचितच डोळ्यांसमोर होती. साहित्याच्या अभ्यासकांनी पाकपुस्तकाकडे संहिता म्हणून पाहायचे ठरवले, तर तिच्यातल्या वगळलेल्या जागाही वाचाव्या लागतील.

सुकटीतला कोबी चवीला तृप्त करतो, आणि तो का शिजू लागला हे सांगताना गेलेली शेतेही मोजावी लागतात. सुकट हा त्यातला जुन्या गावाचा भाग, कोबी नव्या शहराचा. भाकरीचे तांदूळ आता तेही विकतचे आहेत.