हजेरी, परवानगी आणि हिशेब

हजेरीपट भरण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला इंटरनेटच्या इतिहासातला कोणता भाग आवडत असेल? ई-मेल नाही आणि गूगलही नाही. मला विचाराल तर इंटरनेटच्या दारात बसलेल्या कारकुनाची गोष्ट. आपण जोडणी सुरू करतो तेव्हा कुठेतरी एक संगणक तीन प्रश्न विचारतो. तू कोण? तुला काय काय करायची मुभा आहे? आणि तू कधी आलास, कधी गेलास, किती वापरलंस? इंग्रजीत या तिन्ही कामांची नावे 'ए' या अक्षराने सुरू होतात, म्हणून तंत्रज्ञ त्याला 'ट्रिपल ए' म्हणतात. मी आपला त्याला हजेरी, परवानगी आणि हिशेब म्हणतो. हे काम करणाऱ्या सर्वांत प्रसिद्ध कारकुनाचे नाव 'रेडियस'. त्रिज्येशी त्याचा काही संबंध नाही. 'रिमोट ऑथेंटिकेशन डायल-इन यूजर सर्व्हिस' या लांबलचक नावाचे ते लघुरूप आहे.

गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात. तिथल्या विद्यापीठांनी १९६६ साली मिळून 'मेरिट' नावाची संस्था काढली होती. १९९१ च्या सुमारास तिच्यापुढे एक अडचण उभी राहिली. राज्यभर ठिकठिकाणी मोडेम बसवलेले, लोक आपापल्या गावातून फोन लावून आत येणार. मग प्रत्येक ठिकाणी सगळ्यांची नावे आणि पासवर्ड ठेवायचे का? एका ठिकाणची यादी चोरीला गेली की संपलेच. शिवाय एकाने पासवर्ड बदलला की सगळ्या याद्या बदला! तेव्हा यादी एकाच जागी असावी आणि दारावरच्या पहारेकऱ्यांनी दर वेळी तिथे विचारून घ्यावे, अशी व्यवस्था मेरिटला हवी होती. कॅलिफोर्नियातल्या लिव्हिंग्स्टन एंटरप्रायझेस या मोडेमची उपकरणे बनवणाऱ्या कंपनीने ती करून दिली. पुढे जानेवारी १९९७ मध्ये रेडियसचे नियम इंटरनेटच्या सार्वजनिक दस्तऐवजांत आले आणि जून २००० मध्ये सुधारून पुन्हा निघाले. १९९९ साली 'फ्री-रेडियस' हा मोफत कारकूनही तयार झाला. त्यामुळे लहानसहान इंटरनेटवाल्यांनाही हे काम परवडू लागले.

आता आपल्याकडे येऊ. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेही चार महानगरांत. खाजगी कंपन्यांना दार उघडले नोव्हेंबर १९९८ मध्ये. नाशिकमध्ये आमच्यासारख्यांच्या घरी हे प्रकरण आले ते टेलिफोनच्या तारेवरून. बीएसएनएलच्या संचारनेटचा १७२२३३ हा क्रमांक अनेकांना अजून पाठ असेल. नंबर फिरायचा, मोडेम किंकाळ्या फोडायचा आणि मग पडद्यावर 'नाव आणि पासवर्ड तपासत आहे' अशा अर्थाची ओळ यायची. ती ओळ दिसत असे त्या दोन-चार सेकंदांत पहारेकरी कारकुनाला विचारत असायचा. पुढे १७२२२२ ही सोय आली. तिथे खाते काढावे लागत नसे. ज्या फोनवरून आलात तो नंबर हीच तुमची ओळख आणि पैसे फोनच्या बिलात.

त्या काळी खाते तासांवर असे. फोनचे मीटर वेगळे पळायचे आणि इंटरनेटचे तास वेगळे. घरात भांडणे व्हायची ती या दुसऱ्या हिशेबावरून. "पाच तास शिल्लक होते, गेले कुठे?" असा प्रश्न ज्या घरात विचारला गेला नाही असे घर विरळा.

तास जायचे कुठे, हे मला समजावले माझ्या एका माजी विद्यार्थ्याने. हा मुलगा नाशिकमध्ये केबलवरून इंटरनेट देण्याचा छोटा व्यवसाय करत असे. आमच्याकडे त्या वर्षांत भारनियमन जोरात होते. एकदा दिवे आल्यावर मी जोडायला गेलो, तर यंत्र म्हणे तुम्ही आधीच जोडलेले आहात! माझे खाते एका वेगळ्याच कंपनीचे होते, पण कोडे त्याने सोडवले.

"सर, तुम्ही आलात की पहारेकरी आतल्या कारकुनाला चिठ्ठी पाठवतो, 'आले'. गेलात की दुसरी चिठ्ठी, 'गेले, इतके सेकंद होते'. आता पहारेकऱ्याचीच वीज गेली तर दुसरी चिठ्ठी लिहिणार कोण?"

"म्हणजे माझं नाव वहीत आत आलेलं तसंच राहणार?"

"तसंच. म्हणून पहारेकरी पुन्हा चालू झाला की त्याने आधी 'मी नव्याने बसलो आहे, माझ्याकडची जुनी नावं मिटवा' असं कळवायचं असतं. आणि मधूनमधून 'अजून आत आहेत' अशी चिठ्ठीही पाठवायची असते. पण हे सगळं कुणीतरी नीट बसवलेलं असावं लागतं."

रेडियसच्या चिठ्ठ्या साध्या टपालासारख्या जातात, रजिस्टर पोस्टाने नव्हे. पोचल्याचे उत्तर आले नाही तर पहारेकरी तीच चिठ्ठी पुन्हा पाठवतो आणि त्यात प्रामाणिकपणे लिहितो की 'हे कळवायचा प्रयत्न मी इतके सेकंद करतो आहे'. कारकुनाने आपल्या घड्याळातून तेवढे सेकंद वजा करायचे आणि एकच चिठ्ठी दोनदा आली तर दोनदा मांडायची नाही. हे चुकले की ग्राहकाचे तास गेलेच म्हणून समजा.

बिघाड शोधण्याची त्याची रीत मला फार आवडली. तो म्हणाला, "सर, नकार आला तर बरं असतं. नकार म्हणजे कारकुनाने चिठ्ठी वाचली, पासवर्ड जुळला नाही. खरी पंचाईत शांततेची." उत्तरच येत नाही, तेव्हा कारणे निराळी असतात. पहारेकऱ्याचे नाव कारकुनाच्या यादीत नसेल, तर कारकून त्याला उत्तरच देत नाही. अनोळखी माणसाशी बोलायचे नाही हा नियमच आहे. दोघांमधला गुप्त शब्द एका अक्षराने जरी वेगळा असला, तरी आलेले उत्तर पहारेकरी खोटे समजून टाकून देतो. तिसरे कारण तर इतिहासाच्या विद्यार्थ्याला गोड वाटावे असे. सुरुवातीला रेडियस १६४५ आणि १६४६ या दारांवर ऐकत असे. ते आकडे दुसऱ्याच सेवांच्या नावावर आहेत हे नंतर ध्यानात आले, म्हणून अधिकृत दारे १८१२ आणि १८१३ ठरली. पण जुनी उपकरणे जुनेच दार ठोठावत राहिली आणि नवा कारकून नव्या दाराशी कान लावून बसला. दोघेही आपापल्या जागी बरोबर! अशा वेळी फ्री-रेडियस बोलक्या अवस्थेत चालवायचा, म्हणजे तो प्रत्येक पायरी पडद्यावर लिहून दाखवतो. मग अंदाज न बांधता ती ओळ न् ओळ वाचायची. वाचनाला पर्याय नाही हे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो, ते इथेही खरे निघाले.

नाशिककराला या व्यवस्थेत एक ओळखीची खूण दिसते. गोदाकाठी यात्रेकरू आला की त्याला विचारतात, गाव कोणते, आडनाव काय? त्यावरून त्याचा तीर्थोपाध्याय ठरतो आणि त्या उपाध्यायांच्या वहीत आजोबा-पणजोबांची नावे निघतात. दुसऱ्याच्या यजमानाची वही आपल्याकडे ठेवायची गरज नसते. कुणाकडे पाठवायचे तेवढे कळले की पुरे. रेडियसमध्येही नेमके हेच चालते. नावापुढे 'ॲट'चे चिन्ह आणि त्यापुढे संस्थेचे नाव असते. ते पाहून परका कारकून प्रश्न मूळ संस्थेच्या कारकुनाकडे पाठवतो. विद्यापीठांची 'एज्युरोम' ही जगभरची वायफाय व्यवस्था यावरच उभी आहे. भारतात ती अर्नेट ही संस्था चालवते. ज्याचे विद्यापीठ या व्यवस्थेत आहे असा विद्यार्थी युरोपातल्या विद्यापीठात लॅपटॉप उघडतो, तेव्हा त्याची ओळख त्याच्या स्वतःच्या विद्यापीठातली वही पटवते आणि पासवर्ड परक्या कारकुनाला कळतही नाही.

इथवर सगळे कौतुकाचे झाले. पण वहीतली एक ओळ माणसाचे काय करू शकते, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. २००७ साली ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांची बदनामी करणारा मजकूर आला. पुणे पोलिसांनी तो कोणत्या आयपी पत्त्यावरून आला ते मिळवले आणि तो पत्ता कुणाचा हे इंटरनेट कंपनीला विचारले. कंपनीने दिलेल्या माहितीवरून ऑगस्टअखेरीस बंगळूरच्या एका तरुण संगणक अभियंत्याला अटक झाली. त्याने काहीच केले नव्हते. दिलेली माहिती चुकीची होती. हे सिद्ध होऊन तो सुटेपर्यंत ५० दिवस तुरुंगात गेले.

असे कसे होऊ शकते, हे समजायला वरची गोष्ट उपयोगी पडते. घरगुती आयपी पत्ता हा लॉजमधल्या खोलीसारखा असतो. सकाळी एकाला, संध्याकाळी दुसऱ्याला. खोली क्रमांक १२ मध्ये कोण होते, हा प्रश्नच अपुरा आहे. किती वाजता, तेही विचारायला हवे. आणि घड्याळ कोणते, तेही. परदेशातली नोंद ग्रिनिचच्या वेळेत असेल आणि आपली वही भारतीय वेळेत, तर साडेपाच तासांचा फरक पडतो. तेवढ्यात खोलीत दुसराच माणूस आलेला असतो. 'गेले' ही चिठ्ठी हरवलेली असेल तर एकाच वेळी दोघे त्या खोलीत दिसतात. तासांचा हिशेब चुकला तर चार पैसे जातात. हीच वही पोलिसांच्या टेबलावर पुरावा म्हणून गेली की कुणाचे तरी दिवस जातात.

म्हणून सर्ट-इन या सरकारी यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेले निर्देश मला महत्त्वाचे वाटतात. सेवा देणाऱ्यांनी आपली घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळवावीत आणि नोंदी १८० दिवस जपाव्यात, असे त्यांत आहे. नोंदी जपण्यावरून पुष्कळ वाद झाला आणि तो रास्तही आहे. कुणाच्या येण्याजाण्याची वही किती काळ ठेवावी हा साधा प्रश्न नाही. पण वही ठेवणारच असाल तर घड्याळ बरोबर हवे, याबद्दल दुमत नसावे.

कारकूनही आता म्हातारा झाला आहे. जुलै २०२४ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले की रेडियस उत्तरावर जी मोहोर उमटवतो ती १९९२ सालच्या एमडी-५ या पद्धतीची आहे आणि मध्ये बसलेला चोर नकाराचा होकार करू शकतो. उपाय निघाले, उपकरणे दुरुस्त होत आहेत. शिवाय आता एकाच आयपी पत्त्यामागे अनेक ग्राहक असतात, म्हणजे एका खोलीत कित्येक बिऱ्हाडे. वेळ आणि पत्ता यांच्या जोडीला कनेक्शनचा पोर्ट क्रमांकही नोंदवावा लागतो.

आमच्या नातवंडांना तासांचा हिशेब माहीत नाही. त्यांचे वायफाय कायम चालूच. पण कारकून कुठेही गेलेला नाही. आपल्या इंटरनेटवाल्याकडे तो बहुधा अजून बसलेला असतो. त्याच्याबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवावी. हजेरीपटावर मी 'हजर' लिहायचो तेव्हा मुलाचा चेहरा पाहून लिहायचो. या कारकुनाला चेहरा दिसत नाही, खाते दिसते. घरचा पासवर्ड शेजारच्या मुलाला दिला तरी वहीत नाव आपलेच लागते. तेव्हा पासवर्ड वाटताना थोडे जपा आणि कुणाचे नाव वहीत निघाले म्हणून त्याला लगेच गुन्हेगारही ठरवू नका. तुमच्या तासांच्या जुन्या भांडणांच्या आठवणी असतील तर जरूर कळवा.