सिप प्रतिसाद-संकेतांक

सिप प्रतिसाद-संकेतांक : इंटरनेट प्रोटोकॉलवर चालणाऱ्या दूरध्वनीत कॉलविषयक विनंतीला पलीकडच्या यंत्रणेकडून मिळणारे तीन आकडी उत्तर. सिप म्हणजे सेशन इनिशिएशन प्रोटोकॉल. कॉल जोडणे, बदलणे व तोडणे एवढेच त्याचे काम. आवाज सहसा आरटीपी या वेगळ्या प्रोटोकॉलने वाहतो. म्हणून कॉल लागूनही आवाज एकतर्फी येत असेल, तर संकेतांक मात्र २००, म्हणजे ‘ठीक’ असाच दिसतो.

इतिहास : सिपचे पहिले मानक आरएफसी २५४३ मार्च १९९९ मध्ये, तर सध्याचा पाया असलेले आरएफसी ३२६१ जून २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. हेनिंग शुल्झरिन व मार्क हँडली हे त्याच्या कर्त्यांपैकी होत. संकेतांकांची घडण वेबच्या एचटीटीपीवरून घेतली असून ४०४ चा अर्थ दोन्हीकडे ‘सापडले नाही’ असाच आहे. फोर-जीवरील व्होल्टी कॉलही सिपवरच जुळतात. ५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओची सेवा सुरू झाल्यावर भारतात हे तंत्र सामान्य ग्राहकाच्या हाती आले.

वर्ग : पहिल्या आकड्यावरून उत्तराचा वर्ग कळतो. १ : काम चालू आहे, २ : यशस्वी, ३ : दुसरीकडे वळवा, ४ : ही विनंती येथे पुरी होत नाही, ५ : सर्व्हरची अडचण, ६ : कोठेही प्रयत्न करू नका. ४८६ म्हणजे ‘हा फोन व्यस्त’. त्या व्यक्तीच्या दुसऱ्या फोनवर कॉल नेता येतो. ६०० म्हणजे ‘सगळीकडे व्यस्त’, ६०३ म्हणजे ‘नकार’. तेथे शोध थांबतो.

उदाहरण : मुंबईतून इंटरनेट दूरध्वनीवरून रत्नागिरीची लँडलाइन लावली, तर ०२३५२ मधील शून्य गळून क्रमांक +९१ २३५२ व पुढे सहा आकडे असा जातो. आधी १०० येतो, मग घंटी वाजू लागली की १८०. उचलण्यापूर्वी ध्वनिमुद्रित सूचना ऐकवायची असल्यास बहुधा १८३ येतो. रिसीव्हर उचलला की २००. एखादा आकडा कमी पडला तर ४८४, क्रमांकच अस्तित्वात नसेल तर ४०४. कार्यालयात ३० वाहिन्यांची पीआरआय जोडणी असेल व सर्व वाहिन्या भरलेल्या असतील, तर एकतिसाव्या कॉलला गेटवे (सिप व जुने टेलिफोन जाळे यांना जोडणारी यंत्रणा) सहसा ५०३ देतो.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली व मंडणगड तालुक्यांत वीज गेली आणि मोबाइल सेवा कोलमडली. टॉवर बंद पडून फोनचा संपर्क तुटला, की त्या फोनवर लावलेल्या कॉलला साधारणपणे ४८० (तूर्त उपलब्ध नाही) किंवा ४०८ (वेळ संपली) मिळतो. यूडीपी या वाहतूक-प्रोटोकॉलवर ३२ सेकंद काहीच उत्तर आले नाही, तर कॉल करणारी यंत्रणा स्वतःच ४०८ गृहीत धरते. तो कोणी पाठवलेला नसतो.

बिघाड नसलेले संकेतांक : चारने सुरू होणारे प्रत्येक उत्तर दोषाचे नसते. ४०१ व ४०७ ओळख पटवायला सांगतात. पासवर्डच्या आधारे पुन्हा विनंती गेली की काम पुढे सरकते. पलीकडे घंटी वाजत असताना फोन ठेवला तर मूळ विनंतीला ४८७ मिळतो. म्हणजे ‘मिस्ड कॉल दे’ म्हटल्यावर दिलेला मिस्ड कॉल सिपच्या नोंदीत ४८७ म्हणून उमटतो.

मर्यादा : कॉल जुन्या टेलिफोन जाळ्यातून गेला, की तेथील कारणक्रमांकांचे गेटवेवर रूपांतर होते : १७ (व्यस्त) चे ४८६, १ (क्रमांक नाही) चे ४०४, ३४ (वाहिनी मोकळी नाही) चे ५०३. या रूपांतरात बारकावे गळतात, शिवाय प्रत्येक सेवादाता हे रूपांतर एकाच पद्धतीने करत नाही. त्यामुळे दोष शोधताना संकेतांकाबरोबरच तो कोणत्या यंत्रणेने दिला हेही पाहावे लागते.