शाईचा गुणाकार

संगणकावर पुस्तकांची मुखपृष्ठे करणारी तरुण मंडळी एक शब्द सारखा उच्चारतात, 'मल्टिप्लाय'. खाली छायाचित्र असते, वर रंगाचा थर. थराने चित्र झाकायचे नाही, त्यात मुरायचे, यासाठी ही सोय. तिची सख्खी बहीण म्हणजे 'स्क्रीन'. मी कवितेचा माणूस, बी. ए.पर्यंत शिकलेला, गणिताशी माझे फारसे सख्य नाही. पण या दोन शब्दांमागची हकिगत तीनशे वर्षांची आहे आणि तिच्या आरंभीच एका माणसाचे दिवाळे निघालेले आहे.

अम्मीच्या दोन ओढण्या दोरीवर वाळत असत, एक पिवळी, एक निळी. उन्हात त्या जिथे एकमेकींवर येत, तिथे हिरवे दिसे. प्रत्येक कापड आपल्या वाट्याचा उजेड अडवते आणि उरलेला पुढे सोडते. निम्मा उजेड सोडणारे दोन पडदे एकावर एक धरले तर निम्म्याचा निम्मा, म्हणजे पाव उजेड उरतो. मल्टिप्लाय म्हणतात तो एवढाच.

हा गुणाकार छापखान्यात आणला याकोब क्रिस्टॉफ ल ब्लाँ याने. जन्म १६६७चा, फ्रँकफुर्टचा. तांब्याच्या तीन पत्र्यांवर एकच चित्र तीनदा तयार करायचे. एक पत्रा निळ्याचा, एक पिवळ्याचा, एक लालचा. पारदर्शक शाया लावून ते एकाच कागदावर एकापाठोपाठ उमटवायचे. १७१९ साली इंग्लंडच्या पहिल्या जॉर्ज राजाकडून त्याला याचे पेटंट मिळाले. त्या काळी कॅमेरा कुठला? गालावरच्या लालीत पिवळा किती, हनुवटीखालच्या सावलीत निळा किती, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवायचे. खरखरीत केलेला पत्रा जिथे उजळ हवा तिथे घासून गुळगुळीत करायचा, तोही तीन वेळा. कागद केसभर सरकला की ओठ गालावर! लंडनमध्ये त्याने 'पिक्चर ऑफिस' ही कंपनी काढली. खर्चाचा मेळ बसेना. कंपनी बुडाली, भागधारकांचे पैसेही गेले. तीन रंगांच्या विणकामाचा त्याचा पुढचा उद्योगही फसला. १७४१ साली तो पॅरिसमध्ये वारला.

मात्र १७२५च्या सुमारास त्याने 'कोलोरित्तो' नावाचे छोटे पुस्तक छापले होते. हाताला लागणारे रंग एकत्र केले की काळ्याकडे जातात. हाताला न लागणारे, म्हणजे उजेडाचे रंग, एकत्र आले की पांढऱ्याकडे, असे त्यात आहे. दुसऱ्या गोष्टीचे श्रेय त्याने न्यूटनला दिले आहे. मल्टिप्लाय आणि स्क्रीन ही जोडी इथे शेजारी शेजारी उभी आहे!

पुढे तांब्याची जागा दगडाने घेतली. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, नंतर मळवलीला गेला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी रंगागणिक वेगळ्या दगडावरून छापल्या जात. आपल्या घराघरांच्या भिंतींवर हा गुणाकार असा पोहोचला.

उजेडाची बाजू दाखवली जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी, १८६१ साली लंडनमध्ये. एका रंगीत फितीची तीन छायाचित्रे लाल, हिरव्या आणि निळ्या द्रावणांतून घेतलेली होती. तशाच द्रावणांतून ती तीन दिव्यांनी एकाच पडद्यावर टाकली. फीत रंगीत दिसली. खरे तर त्या वेळच्या छायाचित्रणाला लाल रंग जवळजवळ दिसतच नव्हता. मग लाल आला कुठून? कोडॅकच्या राल्फ इव्हान्स यांनी १९६१ साली उलगडा केला, की त्या लाल कापडातून निघालेले अतिनील किरणच काचेवर उमटले होते. प्रयोग यशस्वी झाला, तो असा नशिबाने!

संगणकाला यातले काही नवे शोधावे लागले नाही, फक्त आकड्यांत मांडावे लागले. एका चित्रावर दुसरे, काही भाग पारदर्शक ठेवून, कसे बसवायचे याचे गणित थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ साली प्रसिद्ध केले. नोल बंधूंचे फोटोशॉप १९९०चे. त्यात थर आले १९९४ साली. काळा म्हणजे शून्य, पांढरा म्हणजे एक. मल्टिप्लाय दोन आकडे गुणतो. स्क्रीन दोन्ही उलटे करून गुणतो आणि उत्तर पुन्हा उलटे करतो. म्हणून अर्धा आणि अर्धा मिळून पाऊण उजेड होतो. काळ्याभोर छायाचित्रावर कवीचे नाव मल्टिप्लायने ठेवले तर ते गडप होते, कारण शून्याने काहीही गुणा, शून्यच. मग मंडळी स्क्रीन लावून पाहतात.