शेतातून खोलीत : मध्य प्रांतातील गांजा, प्रकाश आणि शासकीय नियंत्रण

प्रस्तावना

गांजाच्या इतिहासाचा विचार सामान्यतः व्यसन, धर्म किंवा गुन्हेगारी या तीन अंगांनी केला जातो. ही अंगे महत्त्वाची आहेतच. तथापि प्रत्येक कालखंडातील शासनाने ज्या वनस्पतीवर नियंत्रण ठेवण्याचा प्रयत्न केला ती वनस्पती नेमकी कोठे आणि कोणत्या प्रकाशात वाढत होती, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात हा प्रश्न मध्यवर्ती मानून मध्य प्रांतातील आणि विशेषतः नागपूरच्या संदर्भातील गांजाविषयक धोरणाचा आढावा घेतला आहे. सूर्यप्रकाशात उघड्या शेतात वाढणारे पीक हा वसाहतकालीन आबकारी व्यवस्थेचा पाया होता. विसाव्या शतकात नळीच्या दिव्याने, म्हणजे ट्यूबलाइटने, वनस्पतीला बंद खोलीत वाढविणे शक्य केले आणि तो पाया डळमळीत झाला, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. विवेचनासाठी प्रकाशित शासकीय अहवाल, अधिनियम आणि वनस्पतिशास्त्राच्या इतिहासातील प्रस्थापित निष्कर्ष यांचा आधार घेतला आहे.

मध्य प्रांतातील आबकारी आणि खांडव्याचे पीक

१८५४ मध्ये नागपूरचे भोसले राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना होऊन नागपूर हे त्याचे मुख्य ठिकाण बनले. १८६७ मध्ये नागपूर रेल्वेने मुंबईशी जोडले गेले. १८७७ मध्ये जुम्मा तलावाच्या परिसरात एम्प्रेस मिल सुरू झाली. महाल, इतवारी आणि आज गांधीबाग म्हणून ओळखला जाणारा भाग मिळून शहराची जुनी व्यापारी पेठ बनली. याच प्रशासकीय व व्यापारी चौकटीत दारू, अफू आणि गांजा या तीन वस्तूंवरील आबकारी उत्पन्नाची व्यवस्था आकाराला आली.

गांजाच्या बाबतीत मध्य प्रांताचे वैशिष्ट्य असे की त्याची लागवड प्रांतभर विखुरलेली न ठेवता निमाड जिल्ह्यातील खांडवा परिसरात एकवटण्यात आली होती. बंगालमध्ये राजशाही जिल्ह्यातील नौगाव हे असेच केंद्र होते, तर मुंबई इलाख्यात तत्कालीन अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्याला या पिकाच्या दृष्टीने महत्त्व होते. लागवड परवान्याने, साठा सरकारी देखरेखीखालील गोदामात आणि किरकोळ विक्री परवानाधारक दुकानांतून, अशी ही साखळी होती. शेतकरी, घाऊक व्यापारी, मक्तेदार आणि गिऱ्हाईक या प्रत्येक टप्प्यावर माल मोजला जाई व कर आकारला जाई.

या साखळीचा पहिला दुवा पिकाच्या स्वभावावर अवलंबून होता. भांगेच्या जातीत नर आणि मादी झाडे सामान्यतः वेगवेगळी असतात. गांजा म्हणजे मादी झाडाचे राळयुक्त फुलोरे. परागीभवन होऊन बी धरले की मालाचा दर्जा उतरतो. म्हणून फुलोरा पक्व होण्यापूर्वी नर झाडे ओळखून उपटून टाकण्याचे काम अनुभवी जाणकारांकडे असे. हे काम आठवडेच्या आठवडे उघड्या शेतात चाले. पुरुषभर उंचीची, उग्र वासाची आणि सतत राबता असलेली ही शेते लपविणे दुरापास्त होते. पीक नजरेआड राहू शकत नाही, हे या साऱ्या व्यवस्थेचे न लिहिलेले गृहीत होते.

१८९३-९४ चा आयोग

१८९३ मध्ये ब्रिटिश संसदेत डब्ल्यू. एस. केन यांनी उपस्थित केलेल्या प्रश्नानंतर भारत सरकारने हेम्प ड्रग्ज आयोग नेमला. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते. सदस्यांमध्ये मध्य प्रांताच्या सेवेतील ए. एच. एल. फ्रेझर यांच्याबरोबर राजा शशिशेखरेश्वर रॉय, कंवर हरनाम सिंग आणि लाला निहालचंद हे तीन भारतीय होते. आयोगाने विस्तृत प्रश्नावली तयार केली, प्रांताप्रांतांतून अकराशेहून अधिक साक्षी नोंदविल्या आणि १८९४ मध्ये अनेक खंडांचा अहवाल सादर केला.

आयोगाचा निष्कर्ष सर्वश्रुत आहे. मर्यादित सेवनाचे दुष्परिणाम जवळजवळ नगण्य असून अतिरेक मात्र हानिकारक आहे, आणि संपूर्ण बंदी आवश्यकही नाही व इष्टही नाही, असे त्याने नमूद केले. त्याऐवजी पुरेशी करआकारणी, परवान्याखेरीज लागवडीस मनाई, लागवडीचे केंद्रीकरण, दुकानांच्या संख्येवर मर्यादा आणि जवळ बाळगावयाच्या प्रमाणावर मर्यादा या उपायांची शिफारस केली.

या शिफारशींमागील व्यावहारिक विचार आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. बंदी घातल्यास ती अमलात आणता येईल काय, लोकांत असंतोष माजेल काय आणि सेवन करणारे दारूसारख्या अन्य मादक पदार्थांकडे वळतील काय, असे प्रश्न साक्षीदारांना विचारण्यात आले होते. परसात आपोआप उगवलेल्या किंवा हौसेने राखलेल्या एकदोन झाडांचा प्रश्नही आयोगापुढे होता. शेतातील पिकाचे केंद्रीकरण शक्य होते; पण परसातील झाडासाठी सरकारी शिपायाला घराच्या अंगणात शिरावे लागणार होते. शेत आणि अंगण यांतील हा भेद १८९४ मध्ये गौण वाटला असेल; शंभर वर्षांनंतर तोच प्रमुख ठरला.

परवान्याकडून बंदीकडे

विसाव्या शतकात धोरणाची दिशा हळूहळू बदलली. मध्य प्रांतासाठी १९१५ चा आबकारी अधिनियम लागू झाला. डिसेंबर १९२० च्या नागपूर काँग्रेसनंतर असहकाराच्या चळवळीत मादक पदार्थांच्या दुकानांपुढील निरोधनांना राष्ट्रीय कार्याचे स्वरूप आले. परकीय सरकारचे उत्पन्न आणि स्वकीयांचे अधःपतन हे दोन्ही एकाच दुकानात दिसत असल्याने नैतिक व राजकीय विरोध एकत्र आला. १९३० मध्ये डेंजरस ड्रग्ज अधिनियम आला आणि १९३८ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडच्या काँग्रेस मंत्रिमंडळाच्या काळात दारूबंदीचा कायदा झाला. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने आरोग्यास अपायकारक मादक पदार्थांचे सेवन बंद करण्याचा प्रयत्न हे राज्याचे कर्तव्य ठरविले. त्याच घटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या ५१ व्या नोंदीत मात्र भारतीय भांगेवरील उत्पादनशुल्काचा उल्लेख कायम राहिला. महसूल आणि निषेध यांचे हे सहअस्तित्व वसाहतकालीन वारशाचेच द्योतक होय.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर व विदर्भ मुंबई राज्यात आले, तर खांडवा मध्य प्रदेशात राहिले. ज्या शहरातून प्रांताचा कारभार चाले आणि ज्या तालुक्यात प्रांताचा गांजा पिके, ती दोन्ही आता निरनिराळ्या राज्यांत गेली. १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या एकल करारनाम्याने, तो अमलात आल्यापासून २५ वर्षांच्या आत गांजाचा वैद्यकीय व वैज्ञानिक कारणांखेरीज वापर थांबविण्याचे बंधन घातले. करारनामा १९६४ च्या डिसेंबरात अमलात आला. ही मुदत संपण्यापूर्वी, १४ नोव्हेंबर १९८५ रोजी, गुंगीकारक औषधे व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, म्हणजेच एनडीपीएस कायदा, लागू झाला. केवळ पाने व बिया यांना गांजाच्या व्याख्येतून वगळल्यामुळे भांग मात्र राज्यांच्या अखत्यारीत उरली.

प्रकाशाचा इतिहास : दिवसाची लांबी आणि नळीचा दिवा

कायद्याच्या या वाटचालीला समांतर असा दुसरा इतिहास प्रयोगशाळेत घडत होता. फ्रेंच शास्त्रज्ञ जुलियाँ तुर्नुआ यांनी १९१२ च्या सुमारास हॉप व भांग या वनस्पतींवर प्रयोग करून दिवस लहान ठेवल्यास त्या लवकर फुलतात असे दाखविले. १९२० मध्ये अमेरिकेत गार्नर आणि अॅलार्ड यांनी तंबाखू व सोयाबीन यांच्या अभ्यासातून दीप्तिकालिता हे तत्त्व व्यापक स्वरूपात मांडले. पुढे असे स्पष्ट झाले की निर्णायक घटक अखंड अंधाराची लांबी हा आहे. नागपूर-खांडव्याच्या अक्षांशावर जूनमधील सर्वांत मोठा दिवस साडेतेरा तासांहून किंचित कमी, तर डिसेंबरमधील सर्वांत लहान दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. पावसाळ्यात वाढून दिवस आखडू लागताच फुलणारे खांडव्याचे पीक या नियमाचेच पालन करीत होते. शेतकरी त्यास ऋतू म्हणत. शास्त्रज्ञांनी त्याचे घड्याळ शोधले.

१९३८ मध्ये नळीचा दिवा अमेरिकेत बाजारात आला. काचेच्या नळीतील पाऱ्याच्या बाष्पातून विद्युत्प्रवाह जाताना अतिनील किरण निर्माण होतात आणि नळीच्या आतील लेप त्यांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करतो. साध्या बल्बच्या तुलनेत विजेचा मोठा भाग उष्णतेत वाया जात नाही. वनस्पतींच्या दृष्टीने यात दोन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. पहिली, दिव्याचा पृष्ठभाग फार तापत नसल्याने तो पानांच्या निकट ठेवता येतो. दुसरी, प्रकाश एका बिंदूतून न येता लांब नळीभर पसरून येतो. परंतु अंतर वाढताच त्याची तीव्रता झपाट्याने घटते. म्हणूनच वनस्पती-वाढ कक्षांत दिवे छताला न लावता झाडांच्या थेट वर, वाढीनुसार उंची बदलता येईल अशा चौकटीत बसविण्याची पद्धत रूढ झाली. ऊतीसंवर्धनाच्या मांडण्यांमध्ये प्रत्येक फळीखाली नळ्या बसविलेल्या असतात, हे आपल्या महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्र विभागांना परिचित आहेच. १९६० च्या दशकात वनस्पतींसाठी लाल व निळा प्रकाश अधिक देणाऱ्या खास नळ्याही बाजारात आल्या.

बियाणे, रोपे आणि घरातील शोभेच्या वनस्पती यांसाठी विकसित झालेले हे तंत्र १९७० च्या दशकानंतर अमेरिका व युरोपमध्ये गांजाच्या छुप्या लागवडीकडे वळले. यामागे वनस्पतिशास्त्रीय कुतूहल नव्हते. हवाई पाहणी आणि शेतांवरील छापे यांपासून बचाव हे प्रमुख कारण होते. बंदीने पिकाला शेतातून हुसकावले आणि दिव्याने त्याला खोलीत आसरा दिला, असे म्हणता येईल.

गांधीबागेतून पाहता

या बदलाचा अर्थ गांधीबागेसारख्या वस्तीच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. घाऊक कापडाची ही पेठ दाट वस्तीची आहे. अरुंद गल्ल्या, खाली दुकान, वर गोदाम किंवा बिऱ्हाड आणि भर दुपारीही दिव्यांच्या प्रकाशात उलगडले जाणारे कापडाचे तागे, असे तिचे स्वरूप आहे. अशा पेठेत कोणत्या खोलीत कशासाठी दिवा जळतो, हे रस्त्यावरून कळत नाही आणि कळू नये असाच नागरी जीवनाचा संकेत आहे. खांडव्याचे शेत शिवारावरून दिसत असे. बंद खोली पाहावयाची तर दार उघडावे लागते.

एनडीपीएस कायद्याची रचना या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. कलम २० अन्वये झाडाची लागवड हा दहा वर्षांपर्यंत सश्रम कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंडास पात्र गुन्हा असून त्यात शेत व कुंडी असा भेद नाही. कलम ४६ जमीनधारकावर आणि कलम ४७ सरकारी अधिकारी, पंच, सरपंच व ग्रामअधिकारी यांच्यावर बेकायदेशीर लागवडीची खबर देण्याचे कर्तव्य टाकते. ही भाषा जमिनीची आणि गावाची आहे. तिच्यात खांडव्याच्या परवान्याचा प्रतिध्वनी ऐकू येतो. घर, खोली वा बंदिस्त जागा यांचा उल्लेख कलम २५ मध्ये येतो, तोही जाणूनबुजून वापर करू देणाऱ्या मालकाच्या किंवा ताबाधारकाच्या संदर्भात. शेताची जबाबदारी गावावर आहे. खोलीची जबाबदारी मात्र घरमालक, भाडेकरू आणि झडती घेणारा अधिकारी यांच्यात विभागली जाते. १८९४ च्या आयोगापुढील अंगणाचा प्रश्न येथे नव्या रूपात उभा राहतो.

महाराष्ट्रात उघड्या शेतातील लागवड संपलेली नाही. धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्याच्या सातपुडा पायथ्याशी अन्य पिकांच्या आडोशाने घेतलेल्या गांजावर वारंवार कारवाई झालेली आहे. दुसरीकडे, जून २०२२ मध्ये थायलंडने गांजाला अमली पदार्थांच्या यादीतून वगळल्यानंतर बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांकडून बंदिस्त जागेत वाढविलेला, ‘हायड्रोपोनिक’ म्हणून ओळखला जाणारा गांजा २०२४ व २०२५ मध्ये मुंबई विमानतळावर अनेकदा जप्त करण्यात आला. एकाच राज्यात शेत आणि खोली ही दोन्ही युगे एकाच वेळी नांदत आहेत. त्यांतील पहिल्या युगाचा आरोपी बहुधा डोंगराळ भागातील अल्पभूधारक असतो, दुसऱ्याचा शहरी व सुशिक्षित. जो प्रकाशात पिकवितो तो सहज दिसतो आणि सहज सापडतो. ही विषमता कायद्याच्या शब्दांत नसली तरी त्याच्या अंमलबजावणीत संभवते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, मध्य प्रांतातील गांजा-नियंत्रणाचे यश शासनाच्या सामर्थ्याइतकेच पिकाच्या दृश्यमानतेवर अवलंबून होते. दुसरी, परवान्याकडून बंदीकडे झालेल्या प्रवासात कायद्याचे उद्दिष्ट पालटले, परंतु त्याची दृष्टी जमिनीवरच खिळून राहिली. तिसरी, नळीच्या दिव्याने दिवस आणि ऋतू दोन्ही खोलीत आणल्यामुळे नियंत्रणाचा प्रश्न शेतीचा न राहता घराच्या खाजगीपणाचा झाला.

नळीचा दिवाही आता इतिहासजमा होत आहे. पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता करारातील सदस्य राष्ट्रांनी २०२३ मध्ये अशा दिव्यांचे उत्पादन व व्यापार २०२७ पर्यंत थांबविण्याचे ठरविले असून त्यांची जागा एलईडीने घेतली आहे. २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वाधिक कठोर सूचीतून वगळले, तेव्हा भारतानेही त्या बाजूने मत दिले. धोरणाचा फेरविचार होणार असेल तर तो केवळ वनस्पतीच्या गुणदोषांपुरता मर्यादित राहू नये. १८९४ च्या आयोगाने बंदी अमलात येऊ शकेल काय, आणि आलीच तर तिचा भार कोणावर पडेल, हे आधी विचारले होते. त्या प्रश्नाचे मोल आजही कमी झालेले नाही.