शाळेची घंटा आणि संगणकाचा ‘बँग’

तास संपल्याची घंटा होते. तिच्या आवाजात ‘गणित संपले, भूगोल काढा’ असे काही नसते. असते फक्त ‘आता’. पुढे काय करायचे ते ज्या त्या वर्गाला आधीच ठाऊक असते. ‘प्युअर डेटा’ या चित्ररूप संगणकभाषेतला सर्वांत साधा संदेश नेमका असाच आहे. त्याला ‘बँग’ म्हणतात.

या भाषेत पडद्यावर चौकटी मांडायच्या आणि रेघांनी जोडायच्या. रेघांतून संदेश वाहतात. तिचे मूळ संगीतात आहे. १९५७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी संगणकाकडून सूर काढून घेतले, पण आकडेमोड आधी व्हायची आणि ऐकायचे मागाहून. समोर वादक वाजवीत असताना संगणकाने साथ करायची, तर ‘काय’ इतकेच ‘केव्हा’ महत्त्वाचे. १९८०च्या दशकात पॅरिसच्या इर्काम या संस्थेत मिलर पकेट यांच्यापुढे हाच प्रश्न होता. त्यांची चित्ररूप आज्ञावली १९८८ साली फिलिप मानुरी यांच्या ‘प्लुतों’ या पियानोरचनेसाठी वापरली गेली. मॅथ्यूज यांच्यावरून तिचे नाव ‘मॅक्स’ पडले. प्युअर डेटा ही तिची धाकटी, मोफत मिळणारी बहीण. पकेट यांनी ती १९९६च्या सुमारास लिहायला घेतली.

बेरजेची चौकट घेऊ. तिला दोन तोंडे असतात. उजव्या तोंडात ३ पाठवा. काहीच होत नाही, संख्या नुसती साठते. डाव्यात ४ पाठवा. ७ बाहेर पडतात. आता उजवीकडे १० द्या. उत्तर ७च राहते! नवशिका म्हणतो, संगणक चुकला. पण डाव्या तोंडात एक बँग पाठवला की लगेच १४ येतात. माहिती पोचली होती, घंटा व्हायची होती.

बँगखेरीज संख्या, शब्द आणि यादी हे नेहमीचे संदेश. मॅक्समध्ये पूर्णांकांचा प्रकार वेगळा आहे. प्युअर डेटात सगळ्या संख्या दशांशाच्याच मानल्या जातात. शिकणाऱ्याला हे सोपे, पण त्याची किंमत आहे: नेहमीच्या आवृत्तीत १६७७७२१६ मध्ये १ मिळवला, तरी संख्या तेवढीच राहते. शब्दाचे प्रकरण अधिक अवघड. संदेशाच्या चौकटीत एकटा शब्द लिहिला की तो माहिती न राहता आज्ञेचे नाव ठरतो. माहिती म्हणून पाठवायचा तर आधी ‘सिम्बॉल’ असे लिहावे लागते. ही रचना आम्हांला कधीच फारशी रुचली नाही.

आणखी एक खाचखळगा. एकाच तोंडातून दोन रेघा निघाल्या, तर आधी कोणती? मॅक्समध्ये चौकटींच्या जागेवरून ठरते, उजवी आधी. प्युअर डेटात मात्र रेघ ज्या क्रमाने ओढली त्यावरून ठरते. म्हणजे दोन चित्रे हुबेहूब सारखी असूनही वेगळी वागू शकतात. म्हणून मध्ये ‘ट्रिगर’ नावाची चौकट घालतात. तिच्यातून संदेश नेहमी उजवीकडून डावीकडे सुटतात: बेरजेच्या उजव्या तोंडात संख्या आधी साठते, आणि मगच डाव्या तोंडाशी घंटा होते.